उभा धागा आणि कानांतले बोळे

"तुझ्या कानांत बोळे आहेत," जयवंत मला म्हणाला, आणि कुरणेअण्णांच्या दुकानातल्या झाडून सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि तुझ्या डोक्यात," मी म्हणाले.

डिसेंबरातली रविवारची दुपार होती. सांगलीच्या कापड पेठेमागच्या बोळात अण्णा कुरणेंचं कॅसेटचं दुकान होतं, आणि आमचं टोळकं तिथे दर रविवारी भांडायला जमायचं. भांडणाचा विषय महिनाभर एकच होता : 'धोटा' या बँडची पहिली कॅसेट, 'उभा धागा'. ती अद्भुत आहे की नुसतीच बरी, यावरून आमच्यात दोन तट पडले होते. एका तटात जयवंत आरवाडे आणि बाकी सगळी सांगली. दुसऱ्या तटात मी, तृप्ती मगदूम, एकटी.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो, आणि हा बँड इचलकरंजीचा. चौघंही पोरं मागांच्या खडखडाटात वाढलेली. मराठीत रॉक म्हटलं की लोक तोंडावर हात धरून हसायचे, त्या काळात या चौघांनी गिटार आणि ड्रम घेऊन मागावरच्या माणसांची गाणी केली. त्यांची कॅसेट इचलकरंजीतल्या एका फोटो स्टुडिओत तेवढी मिळायची. माझ्या मावशीनं मला तिथून एक आणून दिली होती. दुसरी जयवंतनं स्वतः सायकल मारत जाऊन आणली. पण मूळ कॅसेट वाजवून झिजवायची कशी? म्हणून त्यानं ती अण्णांकडे ठेवायला दिली आणि तिच्यावरून स्वतःसाठी एक कॉपी करून घेतली. मग त्याच्या मित्रांनी घेतली, मित्रांच्या मित्रांनी घेतली, आणि बघता बघता सांगलीत घरोघरी 'उभा धागा' जाऊन पोचला. मी माझी कॅसेट कुणाला दिली नाही की दुसऱ्याची कधी लावली नाही. कॅसेट आणि कंगवा दुसऱ्याला देऊ नये, असं माझं मत होतं आणि आहे.

"त्या पहिल्या गाण्यात काय धमक आहे," जयवंत सांगत होता. "ऐकताना माणूस खुर्चीत बसू शकत नाही. आणि ही म्हणती, शांत आहे. पोटात कालवतं म्हणे हिच्या."

"कालवतं म्हणजे आतून हलतं. तुला तो अनुभव नसेल."

"गप ए पेटीबाई," नूतन म्हणाली. नूतन जयवंतची धाकटी बहीण आणि माझी वर्गमैत्रीण, पण कॅसेटच्या बाबतीत ती भावाच्या बाजूला. "मी सांगतो तुला, हे गाणं ऐकून मी तीनदा सायकलवरनं पडलो." आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल असंच, मुलग्यांसारखं, बोलतात. पडण्याचं मात्र तिनं वाढवून सांगितलेलं नव्हतं, खरचटलेला गुडघा माझ्यासमोर होता.

पेटीबाई म्हणायचं कारण, मी हार्मोनियम शिकत होते. हे लोक दुकानात गाणं गुणगुणायला लागले की माझा सूर त्यांच्याशी काही केल्या जुळायचा नाही. मी खाली, ते वर. ते मला बेसूर म्हणायचे, मी त्यांना. एवढी सगळी माणसं एकाच पट्टीत बेसूर कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण भांडताना डोकं वापरायची आपल्याकडे पद्धत नाही.

तसं हे भांडण गोडीचं होतं. त्या रविवारी मात्र त्यात एका माणसाचं पोट अडकलं होतं.

झालं होतं असं, की दिवाळीनंतर धोटाचा सांगलीत पहिला कार्यक्रम झाला आणि तो पार पडला म्हणण्यापेक्षा पडला. पहिल्याच गाण्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि टाळ्या ड्रमच्या पुढे पळायला लागल्या. ड्रमर मागे, लोक पुढे. "अरे जोरात, झोप आली काय," म्हणून कुणीतरी ओरडलं, मग शिट्ट्या, मग हुर्यो. बँडचा म्होरक्या विद्याधर बुगड गायचा आणि गिटार वाजवायचा. त्यानं शेवटी साथीदारांची नावं सांगितली, पण ड्रमरचं नाव घेण्याआधीच गोंगाट इतका झाला की त्यानं माईक ठेवून दिला. त्यानंतर जयवंतनं त्याला निरोप पाठवला : कॅसेटमधली धमक स्टेजवर नाही, तुमचा ड्रमर ढिला आहे, बदला. आता त्या संध्याकाळी दुसरा कार्यक्रम होता, आणि पुण्याहून एक नवा ड्रमर येऊन लॉजवर उतरल्याची बातमी नूतननं आणली होती.

"जुन्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचं काय? हात चालंना तर कोण काय करणार," जयवंत म्हणाला. "जाईल परत मागावर."

तेवढ्यात दारात सावली पडली. विद्याधर बुगडच होता, उंच, दाढीवाला. आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो. त्याच्या मागे एक बारकासा, सावळा, विशीतला तरुण, हातात ड्रमच्या काड्या. दस्तगीर मोमीन. ज्याच्याबद्दल आत्ताच इतकं बोलून झालं होतं, तोच.

"जयवंत कोण तुमच्यात?" विद्याधर म्हणाला. "निरोप तुझाच ना? पाठीमागं बोलणं मला पटत नाही. हा आलाय. याच्या तोंडावर सांग, काय चुकतंय ते. संध्याकाळी ड्रमवर कोण बसणार हे मला आत्ता ठरवायचंय."

अण्णांनी दोन खुर्च्या पुढे सरकवल्या. विद्याधर बसला. दस्तगीर बसला नाही. तो म्हणाला, "मागावर सकाळपाळी करून आलोय. बसलो तर झोप लागंल. मला फक्त बसायचं का उठायचं तेवढं सांगा."

जयवंत तोंडाचा फटकळ असला तरी मनाचा वाईट नव्हता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण निरोप पाठवला होता, आता मागे कसं फिरायचं. "तुम्ही कॅसेटवर जे वाजवलंय ना," तो म्हणाला, "त्याला तोड नाही. देवाशप्पथ. पण त्या दिवशी स्टेजवर तुम्ही मागं राहत होता. सगळ्या सांगलीच्या टाळ्या एकीकडं आणि तुम्ही एकीकडं. सगळी सांगली चुकंल का?"

"चुकू शकते," मी म्हणाले.

विद्याधरनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी एकटीच आहे विरुद्ध पक्षात. मला त्या दिवशी ते कॅसेटसारखंच वाजवत होते असं वाटलं. अगदी तसंच. उलट लोकच उधळले होते."

"हिला शांत गाणी आवडतात," नूतननं मदत केली.

"शांत कुठंय ते गाणं?" विद्याधर.

"बघा," जयवंत म्हणाला. "स्वतः म्हणतात शांत नाही."

आणि भांडण जे पेटलं ते पेटलं. जयवंतनं पहिल्या गाण्याची सुरुवात तोंडानं वाजवून दाखवली, धडाधडा, टेबलावर दोन्ही हातांनी. मी म्हटलं, तशी नाहीच आहे. मी माझ्या पद्धतीनं वाजवून दाखवली. तो म्हणाला, ही काय पालखी चालली आहे? मागून एकजण म्हणाला, चौथं गाणं ऐकताना त्याला रिक्षा उलटल्यासारखं वाटतं. मी म्हणाले, चौथ्या गाण्यात बाई मरते, रिक्षा कसली उलटवतोस. नूतन म्हणाली, मरते तर मरू दे, पण काय मजा येते. मी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी. दस्तगीर एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा नवलच जास्त होतं.

"एक विचारू का?" तो शेवटी म्हणाला. "तुमी दोघं एकच कॅसेट ऐकलीय न्हवं?"

"म्हणजे काय," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मग जरा लावा की. मगाधरनं भांडण चाललंय, गाणं कुणीच लावंना."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरी गोष्ट होती. महिनाभर आम्ही त्या दुकानात त्या कॅसेटवरून घसे कोरडे केले होते, पण एकत्र बसून ती एकदाही ऐकली नव्हती. ऐकायची गरज काय, प्रत्येकाला पाठच होती.

जयवंतनं खिशातून आपली कॉपी काढली, अण्णांनी ती काउंटरवरच्या डेकमध्ये सारली. खर्रर्र झालं आणि 'उभा धागा' सुरू झालं.

मी आ वासला. हे तेच गाणं होतं आणि ते नव्हतं. माझ्या घरात जे गाणं दमदार पावलं टाकत यायचं, ते इथे जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत होतं. सूरही वर चढलेला, नेमका तो सूर, ज्यात हे सगळे गुणगुणायचे. मी काही बोलणार तेवढ्यात दस्तगीरच बोलला.

"हा मी न्हाई."

"ऐका," जयवंत विद्याधरकडे वळला. त्याचा आवाज पडला होता. जिंकल्याचा आनंद त्याला काही झालेला दिसला नाही. "ते स्वतःच म्हणतायत. ड्रम दुसऱ्याच कुणीतरी वाजवलेत."

"तसं न्हवं." दस्तगीरनं डोळे मिटले होते. काड्या हवेत हलत होत्या आणि गाण्याला गाठू शकत नव्हत्या. "हात माझाच हाय. ही उजव्या हाताची घसरण माझी, ती चुकून झालेली, तशीच ठेवली आपण. पण हितक्या जोरात मी कधी वाजीवलंच न्हाई."

"आणि मी असा बारक्या पोरासारखा गात नाही," विद्याधर उभा राहिला. "कुठली कॅसेट ही?"

माझ्या पर्समध्ये माझी कॅसेट होती. संध्याकाळी तिच्यावर चौघांच्या सह्या घ्यायचा बेत होता. ती काढून मी काउंटरवर ठेवली. "अण्णा, दुसरा टेप आहे ना? दोन्ही एकदम लावा. अगदी एकदम."

दुरुस्तीला आलेला एक टेपरेकॉर्डर अण्णांनी फळीवरून खाली घेतला. दोन्ही कॅसेटी मागे फिरवून सुरुवातीला आणल्या. एका बटणावर जयवंतचं बोट, दुसऱ्यावर माझं. नूतननं "एक, दोन, तीन" म्हटलं.

पहिला ठोका दोन्हीकडून एकत्र पडला. दुसरा जवळजवळ एकत्र. पुढच्या काही ठोक्यांत फट पडली आणि ती रुंदावत गेली. जयवंतचं गाणं पुढे पळालं, माझं आपल्या चालीनं मागून येत राहिलं. पहिलं कडवं संपून तिकडे विद्याधर दुसरं गायला लागला तरी इकडे तो अजून पहिल्यातच होता. दुकानात एकच कल्ला उडाला. "अरे थांब, थांब, परत लाव," "हिचा टेप ढिला असंल," "सेल बदला," "वायरवर आहे तो, सेल कुठले." जयवंतनं कॅसेटी उलटसुलट टेपांत घालून पाहिल्या. टेप बदलले तरी त्याची पुढे ती पुढेच. मग त्यानं अण्णांच्या कपाटातून स्वतःची मूळ कॅसेट मागितली, महिनाभर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. ती माझ्या कॅसेटबरोबर लावली आणि दोन्ही अशा पावलाला पाऊल लावून चालल्या की कुठली कुठली ते कळेना. त्याची स्वतःची कॅसेट माझ्या बाजूनं साक्ष देत होती.

सगळ्यांच्या नजरा अण्णांकडे वळल्या. अण्णा चष्मा पुसत होते.

"गाणं तुटत होतं," ते म्हणाले. "पोरं पंचेचाळीस मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन यायची, ती स्वस्त पडती. आणि तुमची गाणी तिच्यावर थोडक्यात मावत न्हवती. शेवटचं गाणं ऐन चढावर तुटायचं. आता ते काय तोडायचं गाणं आहे का? मला बघवेना. आतल्या ज्या डेकवर मूळ कॅसेट लावतो त्याच्या मोटारीला एक स्क्रू असतो, तो थोडा पिळला, कॅसेट जरा जोरात पळाली. बसलं गाणं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एवढा फरक पडला असंल असं वाटलं न्हवतं बाबा."

मग दस्तगीर हसायला लागला. तो इतका हसला की त्याला शेवटी ती खुर्ची घ्यावीच लागली.

जयवंत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमचं काही चुकलेलं नाही, दस्तगीरभाई. विद्याधरदादा, निरोप मी परत घेतो."

मला वाटलं, सुटलो. पण विद्याधरचा चेहरा उजळलेला नव्हता. "निरोप परत घेशील रे," तो म्हणाला, "पण गावाचं काय? संध्याकाळी सगळे हीच कॅसेट पाठ करून येणार. आम्ही आमच्या चालीनं वाजवलं की पुन्हा शिट्ट्या. दुसऱ्यांदा हुर्यो झाली तर सांगली आम्हाला संपली, आणि सांगलीशिवाय आम्हाला विचारतंय कोण? पुण्याचा माणूस जलद वाजवतो. त्याची ख्यातीच ती आहे."

म्हणजे निकाल तोच. कारण तेवढं बदललं होतं. संतापानं मी काउंटरवर मूठ आपटली.

दस्तगीर उठला. "अण्णा, ह्यांची ती पळणारी लावा परत."

गाणं सुरू झालं. त्यानं काउंटरवरचा रिकामा बिस्किटाचा डबा पालथा घातला आणि काड्या उचलल्या. पहिलं कडवं तो नुसता ऐकत राहिला, मान हलवत. दुसऱ्यात मध्येच शिरला, चुकला, थांबला, पुन्हा शिरला. तिसऱ्यात त्यानं गाण्याला गाठलं. चौथ्यात तो गाण्याच्या मानगुटीवर बसला. डब्याचा पत्रा, काउंटरची काच, खुर्चीचा दांडा, जे हाताला लागेल ते वाजत होतं. नूतन पाय आपटत होती, बाहेर बोळातून जाणारी माणसं थांबली होती. आणि मी, शांत गाण्यांची बाजू महिनाभर एकटीनं लढवलेली मी, टेबल बडवत होते.

गाणं संपलं. दस्तगीरनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "माग चालीवतो मी," तो विद्याधरला म्हणाला. "मालकानं मोटार वाढीवली की हात वाढवायचा. त्यात काय हाय? पण बसायचं का उठायचं, ते तू सांग."

विद्याधरनं घड्याळ पाहिलं आणि निघाला. दस्तगीर त्याच्या मागे गेला. माझी कॅसेट टेपमध्येच, सह्या राहूनच गेल्या.

संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर पडदा होता. आम्ही पुढच्या रांगेत, मी आणि जयवंत शेजारी शेजारी, आणि आयुष्यात पहिल्यांदा न भांडता. नूतन पडद्याच्या फटीतून बघून आली. "ड्रम दिसतोय. माणूस दिसंना."

पडदा वर गेला. ड्रममागे एक बारकासा, सावळा माणूस बसला होता. जयवंतनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी फुटली.

पहिला ठोका पडला आणि लोकांच्या टाळ्या सुरू झाल्या, त्यांच्या त्या सांगलीच्या वेगात. या वेळी ड्रम मागे राहिला नाही. दस्तगीर टाळ्यांच्या पाठीवर स्वार होता. विद्याधरचा सूर मूळचा, खालचा, भारदस्त, आणि वेग अण्णांच्या स्क्रूचा. असं गाणं आम्ही दोघांनीही ऐकलेलं नव्हतं. ते त्याच्या कॅसेटमध्येही नव्हतं आणि माझ्याही. आनंदानं मला रडू येत होतं आणि टाळ्या वाजवत असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

चौथ्या गाण्याला लोकांनी पुन्हा टाळ्या धरल्या. दस्तगीरनं काड्या वर उचलल्या आणि नकारार्थी मान हलवली. टाळ्या विरल्या. मग त्यानं ते गाणं जसं मूळचं होतं तसं, सावकाश, एकेक ठोका जोखून वाजवलं. मागावरची बाई पहाटेला धाग्यावर हात ठेवूनच जाते, माग चालूच राहतो, असं ते गाणं. जयवंत पुढे वाकून ऐकत होता.

"हे असं होतं?" त्यानं मला विचारलं.

"पहिल्यापासून."

गाणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

शेवटचं गाणं संपलं, न तुटता. विद्याधर माईकपाशी आला. दोघा साथीदारांची नावं घेतली. मग थांबला आणि गोंगाट शमेपर्यंत थांबूनच राहिला.

"ड्रमवर," तो म्हणाला, "दस्तगीर मोमीन."

पटांगण उठून उभं राहिलं. दस्तगीर मात्र बसूनच होता. दोन्ही काड्या एका मुठीत धरून त्यानं त्या कपाळाला लावल्या.

"आणि टाळ्यांवर," विद्याधर म्हणाला, "सांगली."

परतताना आम्ही तिघं सायकली हातात धरून चालत निघालो. जयवंतनं अण्णांकडून माझी कॅसेट आणली होती. ती तो देईल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यानं ती खिशातच दाबून धरली आणि स्वतःची कॉपी माझ्या हातावर ठेवली.

"थोडे दिवस," तो म्हणाला. "माझी मूळ मला झिजवायची नाही. ते चौथं गाणं मला नीट ऐकायचंय. आणि खरं सांगू? पहिलंसुद्धा मूळच्याच चालीत पाहिजे. आपण उगाच पळवलं त्याला. आतून हलायला गाण्याला वेळ लागतो."

मी जागच्या जागी थांबले. ज्या गाण्यानं आज सबंध गाव उभं केलं, ते म्हणे सावकाश पाहिजे. दस्तगीरनं पत्र्याचा डबा बडवून जे मिळवलं ते याला उगाच वाटत होतं. मी त्याची कॉपी पर्समध्ये टाकली, सायकल भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात मोकळे केले.

"तुझ्या कानांत बोळे आहेत," मी त्याला म्हणाले.